सहीची जागा

“आधी कुठं जायचं?” पमाताईनं विचारलं.

मी खिशातली यादी काढली. नाशिकच्या स्टँडबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर बसून आम्ही ती मांडीवर पसरली. ड्रॉइंगच्या जाड कागदाच्या पाठीमागं मी पट्टीनं रेघा मारून चार रकाने पाडले होते. कोर्सचं नाव, मुदत, पात्रता आणि पुढं काय. इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास झालेल्या माणसानं आयुष्यात काढलेली ती एकमेव बिनचूक आकृती.

“बापरे! एवढं सगळं माझ्यासाठी?” ताई म्हणाली.

“मग? तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

साफ खोटं. प्रश्न माझ्या आयुष्याचा होता, आणि ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पण तिनं यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “चल मग, वरून सुरू करू.”

अठ्ठ्याण्णव सालचा जून. नाना, म्हणजे आमचे वडील, त्याच फेब्रुवारीच्या दोन तारखेला गेले होते. ते आरोग्य खात्यात हिवतापाचे कर्मचारी. घाटाखालचे अकरा पाडे त्यांच्याकडं. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक दारात जायचं, “कुणाला ताप?” असं विचारायचं, असला तर बोट टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचं, गोळ्या द्यायच्या आणि दाराच्या फळीवर रंगवलेल्या चौकटीत तारीख टाकून पुढं सही करायची. साहेब अचानक फिरतीवर आला तर नुसतं दार बघून त्याला कळावं, माणूस आला होता की नाही. नाना म्हणायचे, “लोकांचं हजेरीपुस्तक कपाटात असतं, माझं अकरा पाड्यांत वाटून ठेवलंय.” एकोणतीस वर्षं त्यांनी हे केलं. मग छातीचं दुखणं निघालं आणि शेवटी दवाखान्यात पंधरा दिवस काढून ते गेले.

नोकरीत असताना गेले म्हणून घरातल्या एकाला अनुकंपेवर जागा मिळणार होती. एकालाच. बाकीच्यांनी स्टँपपेपरवर ‘आमची हरकत नाही’ असं लिहून द्यायचं. कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं होतं, मुलगा असला तर नानांच्याच जागेवर, मुलगी असली तर आतल्या कामावर घेतील, पण नाव एकच द्या आणि सोमवारपर्यंत द्या. आई म्हणाली, “तुम्ही दोघं ठरवा, माझं डोकं चालत नाही.” दौलतमामाचं मात्र जोरात चालत होतं. “पोरीला दिली तर उद्या लग्न होऊन नोकरी सासरी जाईल. कैलासचं डिप्लोम्यात काही खरं नाही. त्याचं नाव टाका आणि मोकळे व्हा.”

मला ती नोकरी हवी होती. होस्टेलच्या खोलीत ते ड्रॉइंग बोर्ड समोर घेऊन बसलो की मी नुसती पेन्सिलीला टोकं काढत रात्र घालवायचो. तिसऱ्यांदा नापास झालो असतो तर मी घरी तोंड दाखवलं नसतं, हे मी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. पण तोंड वर करून मागायची हिंमत कुठली? पमाताई चार वर्षांनी मोठी, बी.एस्सी. झालेली, आणि नानांच्या आजारपणात घर तिनंच ओढलेलं. मी तर होस्टेलवर. म्हणून मी ही युक्ती काढली. तिला दुसरं काहीतरी आवडलं पाहिजे. तिला आवडलं की मी सुटलो. त्या दिवशी मी तिचा भाऊ नव्हतो, दलाल होतो.

लघुलेखनाच्या क्लासमधले सर चहा पीत पीत म्हणाले, “मुली, तुझं अक्षर कसंय?”

“दुसऱ्यासारखं काढता येतं,” ताई म्हणाली.

सर हसले, मीही हसलो. ती हसली नाही. तिथून माहितीपत्रक घेऊन आम्ही बाहेर पडलो.

नंतर प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा कोर्स. एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला वर्ग होता. दार उघडं होतं आणि आत पाच-सहा मुली पांढरे कोट घालून रक्ताचे नमुने काचेवर पसरायला शिकत होत्या. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर सरकवलेला. आम्ही दारात उभे राहिलो. दारालगतच्या मुलीचं काही जमत नव्हतं. रक्ताचा थेंब काचेवर नुसता फरफटत होता.

“काच इतकी उभी धरू नकोस,” ताई हळूच तिला म्हणाली. “तिरपी धर. थेंब कडेला पसरू दे. हां, आता एका दमात पुढं ने. मध्ये थांबायचं नाही.”

त्या मुलीनं तसं केलं. काचेवर जिभेच्या टोकासारखा पातळ लेप उमटला. बाई चष्मा नाकावर घेत जवळ आल्या.

“कुठं शिकलीस तू?”

“वडील हिवतापाला होते,” मीच पुढं होऊन सांगितलं. “लहानपणापासून बघतोय आम्ही.” मला काय आनंद झाला होता! सापडलं, एकदाचं सापडलं.

“बघून असा हात बसत नाही,” बाई म्हणाल्या. “ये, आत ये. मलाच टोच. बघू दे.” आणि त्यांनी स्वतःचं बोट पुढं केलं.

ताईनं स्पिरीटचा बोळा घेतला, बाईंचं बोट पुसलं, सुई उचलली. इथवर सगळं झरझर झालं. मग तिचा हात थांबला. ती त्या बोटाकडं बघतच राहिली. मला वाटलं, नीट जागा शोधतेय. पण तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तिनं सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाली, “नाही. मला नाही जमायचं.”

“अगं, पहिल्या दिवशी होतं असं,” बाई म्हणाल्या. “नाव काय तुझं?”

“प्रमिला निंबा भामरे.”

“प्रमिला, विचार कर. पंधरा दिवस प्रवेश चालू आहेत.”

बाहेर पायऱ्यांवर ती मटकन बसली. मी शेजारी बसलो. तिनं डाव्या हाताची बोटं उजव्या हातात घट्ट धरली होती. त्या बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते. दिवाळीत घरी आलो तेव्हाच ते मला दिसले होते. मी विचारलं होतं तर म्हणाली होती, शिवणाची सुई लागते. घरात शिवणयंत्र नव्हतं, ही साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती.

“कैलास, तुला एक सांगायचं होतं,” ती म्हणाली.

आणि मी काय केलं? तिचं वाक्य अर्ध्यात तोडलं. मला वाटलं, ती आता म्हणणार, मला कुठलाच कोर्स नको, मला नोकरीच हवी. माझा सगळा दिवस, सगळे रकाने पाण्यात जाणार. मी म्हटलं, “ताई, आधी एक स्पष्ट सांग. नानांची नोकरी तुला हवीय का? हवी असली तर तसं सांग. मी वाईट वाटून घेणार नाही.”

तिनं माझ्या हातातल्या यादीची घडी घातली.

“नको,” ती म्हणाली. “मला ती सुईच नको. तू घे. तू नीट करशील.”

“खरं सांगतेस?”

“नानांची शप्पथ.”

“मग ते काय सांगायचं होतंस?”

“काही नाही रे. भूक लागलीय.”

मी मिसळ खाल्ली. दोन प्लेटा खाल्ल्या, पाव वेगळे. तिनं अर्धा पाव कुस्करून ठेवला. एवढं सुखानं मी कित्येक महिन्यांत जेवलो नव्हतो, हे आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

यादीत शेवटी ग्रंथपालनाचा सहा महिन्यांचा वर्ग होता. मी तो केवळ रकाना रिकामा दिसू नये म्हणून भरला होता. ताईनं तिथं पाच मिनिटांत फॉर्म भरून टाकला.

“अगं, तू कधी पुस्तक हातात धरलेलं मी बघितलं नाही,” मी म्हटलं.

“पुस्तकांना ताप येत नाही,” ती म्हणाली.

मी हसलो. परतीच्या एस्टीत ती खिडकीला डोकं टेकून झोपली, की झोपल्यासारखं केलं, आणि मी पुऱ्या रस्ताभर माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसाचे मनोरे रचत बसलो. सोमवारी तिनं स्टँपपेपरवर सही केली. प्र. निं. भामरे. ठळक, गोलसर, एका दमात.

नेमणुकीचा कागद यायला सव्वा वर्ष गेलं. मग प्रशिक्षण झालं आणि नव्व्याण्णवच्या डिसेंबरात मी नानांचीच पिशवी खांद्याला लावून करंजपाड्याची चढण चढलो. अकरांतला हा शेवटचा आणि सगळ्यांत वरचा पाडा, बारा घरांचा. नाना गेल्यापासून इथलं काम शेजारच्या कर्मचाऱ्याकडं जादा म्हणून होतं. तो खालच्या गावापर्यंत यायचा, वर चढायचा नाही.

पहिल्याच घरात बुधीआजी भेटली. एवढीशी, वाळलेली म्हातारी, ओट्यावर नागली पाखडत बसलेली. मी “कुणाला ताप?” विचारलं तशी ती सूप ठेवून माझ्याकडं बघायला लागली.

“तू निंबाचा पोर का?”

“हो आजी.”

“चाल तीच.” मग माझ्या मागं वाकून बघत म्हणाली, “आणि बाई कुठंय?”

“कोण बाई?”

“तुझी बहीण. ती नाही आली?”

मला वाटलं, म्हातारीचा काहीतरी घोटाळा होतोय. “आजी, माझे वडील यायचे इथं.”

“निंबा यायचा तो आधी. मग छातीनं धरला ना त्याला. आधी आधी खाली पारावर बसून राहायचा आणि पोरगी वर चढायची. पुढं तो पारापर्यंतसुद्धा येईना, ती एकटीच यायची. सहा-सात महिने आली. टोचलेलं कळायचंसुद्धा नाही, असा हात. पोरं आपणहून बोट पुढं करायची.” मग तिनं जरा दरडावून विचारलं, “तुला येतं ना तसं?”

मी दाराच्या फळीकडं वळलो होतो. चौकट नानांनीच रंगवलेली, निळी, कोपरे अगदी काटकोनात. आत पेन्सिलीनं तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढं ‘निं. धों. भामरे’. मी बोट ठेवून खाली खाली आलो. शेवटून दुसरी तारीख एकवीस जानेवारी, पुढं नानांची सही. एकवीस जानेवारीला नाना दवाखान्यात खाटेवर होते. त्याच्या तीन दिवस आधी मीच त्यांना रिक्षातून उतरवलं होतं. एकवीस तारखेला त्यांना पाण्याचा पेला धरवत नव्हता.

दुसऱ्यासारखं अक्षर काढता येतं, ती म्हणाली होती. आणि मी हसलो होतो.

त्याखाली आणखी एक तारीख होती. नऊ फेब्रुवारी. नाना जाऊन आठवडा झाला होता, अजून दहावा व्हायचा होता. त्या दिवशी ताई सकाळीच, सुतकात, घराबाहेर पडली होती. आईला म्हणाली होती, नानांची पिशवी आरोग्य केंद्रावर जमा करून येते. संध्याकाळी पिशवी तशीच घेऊन परत आली होती, तेव्हा म्हणाली, केंद्र बंद होतं.

नऊ फेब्रुवारीपुढं सहीची जागा कोरी होती.

“त्या दिवशी तिनं नुसती तारीख टाकली,” म्हातारी म्हणाली. “मी म्हटलं, सही का नाही करत? तर म्हणे, आजी, आता कुणाची करू?”

“त्या दिवशी का आली होती ती?”

“माझ्या फुलीसाठी.” म्हातारी सुपातली नागली बोटांनी इकडून तिकडं करायला लागली. “नात माझी. सहा वर्षांची. आधीच्या खेपेला अंग कोमट होतं तिचं. बाई म्हणाली होती, मी पंधरा दिवसांनी येते, घाबरू नको. मधेच बाप मेला तरी आली बघ. तोवर फुलीचा ताप चढला होता. तिनं रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, खाली दवाखान्यात न्या म्हणाली. पोरीचा बाप कामाला गेला होता, म्हटलं तो आला की नेऊ. चार दिवसांनी पोर गेली.”

मी ओट्यावर बसलो.

“पुढं चैत्रात आली होती बाई. काचेचं काय निघालं ते सांगायला आली असेल, असं मला वाटलं. पण ती इथं, तू बसलास तिथंच बसली, आणि रडली. मी म्हटलं, बाई, तुझा बाप गेला, माझी नात गेली, तू काय करशील? पाणीसुद्धा प्याली नाही.” मग म्हातारीनं आपलं बोट पुढं केलं. “मला बारीक ताप आहे रात्रीचा. घे.”

मी टोचलं. ती “आई गं!” म्हणून ओरडली. “तिच्यासारखं नाही जमत तुला,” असं हसत म्हणाली. मी फळीवर तारीख टाकली आणि सही केली. कोऱ्या जागेला हात लावला नाही.

तालुक्याच्या वाचनालयात ताई तात्पुरती सहायक होती. मी गेलो तेव्हा ती परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते, बाकी कोणी नव्हतं.

“करंजपाड्याला गेलो होतो,” मी म्हटलं.

शिक्का हवेतच राहिला.

“का नाही सांगितलंस ताई? त्या दिवशी पायऱ्यांवर हेच सांगणार होतीस ना?”

“हळू बोल.” ती उठून कपाटाआड आली. “कुणाजवळ बोलू नकोस. नानांच्या नावानं सात महिने मी सह्या केल्यात. बाहेर पडलं तर नाना खोटे ठरतील. आईची पेन्शन अडेल.”

“नोकरी तुला हवी होती का?”

“नाना गेले तेव्हा हवी होती. फार हवी होती.” ती पुस्तकांच्या पाठींवरून बोट फिरवत होती. “मी कारकुनाला विचारूनसुद्धा आले होते, आतल्या कामावर म्हणजे काचपट्ट्या तपासायला बसवाल का म्हणून. ते म्हणाले, बसवू. मग चैत्रात वर गेले, फुलीचं कळलं. त्यानंतर सुई धरली की मला तिचंच बोट दिसायला लागलं.”

“यात तुझी काय चूक?”

“मी ती काच पाठवली नाही, कैलास.”

तिनं टेबलाच्या खालच्या खणातून पावडरचा एक रिकामा डबा काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचपट्टी होती. वाळून तपकिरी झालेला ठिपका, शेजारी पातळ लेप. कोपऱ्यात नंबर टाकायची जागा रिकामी.

“नानांच्या नावानं पाठवायची तर नाना गेल्याचं केंद्रावर सगळ्यांना माहीत. माझ्या नावानं पाठवायची तर मी कोण? दोन दिवस पिशवीत घेऊन बसले होते. मग म्हटलं, गोळ्या तर दिल्यात.”

“अगं, तेव्हा रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागायचे. पाठवली असतीस तरी उपयोग नव्हता.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली. “पण पाठवली तरी असती.”

खिडकीतल्या म्हाताऱ्यांनी पेपरचं पान उलटलं. ताईनं तो डबा माझ्या हातात ठेवला.

“आता तू खात्यात आहेस. तपासून आण. मला एकदा कळू दे, हिवताप होता की दुसरं काही. जे असेल ते सांग.”

आमच्या केंद्रावर गुरव म्हणून तंत्रज्ञ होता. भला माणूस, तंबाखू खायचा आणि कमी बोलायचा. त्यानं काच रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली, डोळा बारीक करून खूप वेळ बघितलं.

“किती दिवसांची आहे ही?”

“दोन वर्षं होत आली.”

“मग काय दिसणार, कैलास? बुरशी धरलीय सगळी. रक्त आहे, एवढंच सांगू शकतो. कुणाची आहे?”

“जुन्या सामानात सापडली,” मी म्हटलं.

केंद्रापासून वाचनालयापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत मी ठरवलं. ताईच्या समोर उभा राहिलो आणि सांगितलं, “निगेटिव्ह. हिवताप नव्हताच. दुसरंच काहीतरी असणार. तू पाठवली असतीस, न असतीस, काही फरक पडला नसता.”

“नक्की?”

“नक्की. गुरवनं दोनदा बघितली.”

ती खुर्चीत बसली. आणि मग नाना गेल्यापासून मी पहिल्यांदा तिला मोठ्यानं रडताना ऐकलं. नानांच्या मयतीत ती रडली नव्हती. तेव्हा आईला धरून बसली होती. पेपरवाले आजोबा उठले, पाण्याचा पेला तिच्यापुढं ठेवला आणि निघून गेले.

आठवडाभरानं ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. चेहरा धुतल्यासारखा. “कैलास, त्या बाईंचा लॅबचा कोर्स... अजून फॉर्म मिळतो का रे?”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं! जूनची वाट न बघता मी दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीनं नाशिकला गेलो. तोच वर्ग, त्याच बाई, चष्मा तसाच कपाळावर. मी नाव सांगितलं तसा त्यांनी तो खाली घेतला.

“प्रमिला भामरे! कुठंय ती? अहो, तिची जागा मी पंधरा दिवस राखून ठेवली होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बसले होते.”

“आता येतेय ती,” मी म्हटलं. “फॉर्म द्या.”

“जन्मसाल?”

“चौऱ्याहत्तर.”

त्यांनी बोटांवर मोजलं आणि हात खाली ठेवला. “पंचवीसच्या आतच घेतात हो. मी संस्थेत विचारून बघते.” त्यांनी खरंच विचारलं, मला दुपारपर्यंत बसवून ठेवलं. दुपारी त्या बाहेर आल्या तेव्हाच मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. “त्या दिवशी तिला असं एकदम काय झालं होतं?” त्यांनी विचारलं. “तुम्ही होता ना बरोबर? तुम्ही विचारलं असेल.”

मी म्हटलं, “नाही. मी विचारलं नाही.”

ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं.” आणि पुढचं पुस्तक ओढून त्यावर शिक्का मारला.

पुढं तिचं लग्न सटाण्याला झालं. तिथल्याही वाचनालयात तिनं काम केलं, आता मुख्य ग्रंथपाल आहे. मी अजून खात्यात आहे, हात बरा बसलाय. दर भाऊबीजेला मी सटाण्याला जातो, आणि दर भाऊबीजेला ताई ओवाळता ओवाळता, मुलं इकडंतिकडं झाली की हळूच विचारायची, “त्या काचेवर काही नव्हतं ना रे?” मी म्हणायचो, “नव्हतं.” वीस-बावीस वर्षं हा आमचा नेम चालला.

मागच्या भाऊबीजेला तिनं विचारलं नाही. कुंकू लावलं, ओवाळलं, आणि ताट हातात तसंच धरून म्हणाली, “गुरव वारले म्हणे?”

“हो. दिवाळीच्या आधीच.”

“तेही आपल्या तालुक्याच्या वाचनालयात पेपर वाचायला यायचे. तू मला निगेटिव्ह सांगितलंस त्याच आठवड्यात आले होते. मीच विचारलं, तुमच्याकडं एक जुनी काच आली होती का. म्हणाले, आली होती, पण बुरशी लागलेली, काही दिसलं नाही.”

निरांजन आमच्या दोघांच्या मध्ये जळत होतं.

“म्हणजे तुला तेव्हाच माहीत होतं?” मी म्हटलं. “मग दर वर्षी का विचारायचीस?”

“तू नव्हतं म्हणालास की बरं वाटायचं.”

“आणि तो फॉर्म? माहीत असून तो कशाला मागितलास?”

“तू माझ्यासाठी एवढं धडधडीत खोटं बोललास,” ताई म्हणाली. “म्हटलं, आता आपणही एकदा सुई धरून बघावी.”

तिनं ताट खाली ठेवलं आणि विझत आलेली वात बोटानं पुढं सारली.